कैलासावरचे ढग

हे बायकोलाही ठाऊक नाही. आईला सांगणार होतो, पण धीर होईपर्यंत ती गेली. तुम्हाला सांगतोय, कारण परवा एका समारंभात कुणीतरी माझी ओळख 'अत्यंत प्रामाणिक संशोधक' अशी करून दिली आणि मी — मी हसून मान लववली. निर्लज्जासारखी! तेव्हापासून स्वतःचा इतका संताप येतोय की घास उतरत नाही.

आमची दिल्लीतली प्रयोगशाळा कर्करोगावरची लस करते. रोग होऊ नये म्हणून नव्हे, झालेल्या रोगाशी लढायला. मयूर विहारच्या गणिताच्या एक बाई होत्या. मेंदूत गाठ. बोलता बोलता शब्द हरवायचे त्यांचे. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ वापरून, त्यांच्याच रक्तातल्या पेशींना ती ओळखायला शिकवून आम्ही लस तयार केली. फक्त त्यांच्यासाठी. पुन्हा करायची म्हटली तर गाठीचा तुकडाही उरला नव्हता.

ऐन वेळी, शुक्रवारी फ्रीझर बिघडला; दुरुस्तीला माणूस सोमवारी येणार होता. फरहानाने त्या कुप्या थर्माकोलच्या खोक्यात, ड्राय आइसमध्ये ठेवल्या. फरहाना वाशिमची, मुनिरक्यात खोली घेऊन राहायची, मला दादा म्हणायची. खोकं तिने काठोकाठ भरलं. मी शेजारीच उभा होतो — डोळ्यांनी बघितलं.

किती वेळ गोल गोल फिरणार आहे मी?

गणपती होते. आर. के. पुरमच्या आमच्या मराठी मंडळात मुलांचं नाटक होतं, माझी लेक त्यात पार्वती झाली होती. कैलासावर ढग हवे होते. ड्राय आइस गरम पाण्यात टाकला की पांढरा धूर लोळतो, हे तिथे माझ्याशिवाय कुणाला माहीत? छाती फुगवून म्हणालो, "अरे यार, ढग माझ्याकडे लागले!" आणि शनिवारी लॅबमध्ये जाऊन त्याच खोक्यातला निम्म्याहून जास्त बर्फ उपसून नेला. उरलेला सोमवारपर्यंत पुरेल असं वाटलं — नाही, हेही खोटं. मी विचारच केला नाही. मला टाळ्या हव्या होत्या.

मिळाल्या. फरहानाला मीच बोलावलं होतं. पहिल्या रांगेत बसून तीही वाजवत होती, मग तिचे हात थांबले. ते मी रंगमंचाच्या कडेवरून पाहिलं.

पुढचं आधीच सांगून टाकतो. लस वाया गेली. फरहानाची नोकरी गेली. दिवाळीनंतर बाई गेल्या. लस लागू पडली असती का? कुणालाच माहीत नाही. याच वाक्याची उशी करून मी इतकी वर्षं झोपलो, मला शिसारी येते त्याची! बाईंकडे ती एकच संधी होती आणि मी ती पोरांच्या नाटकात उडवली.

पण कबुली याची नाही. याच्या पुढची आहे.

सोमवारी खोक्यात बर्फाचा कणही नव्हता, कुप्यांतली लस पार वितळलेली. साहेबांनी फरहानाला समोर उभं केलं. "कम भरा था ना?" ती नाही, नाही म्हणत राहिली. मग माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "दादा, तुम्ही होतात ना तिथे? काय झालं ते तुम्हीच सांगा ना."

त्या खोलीत मराठी फक्त आम्हा दोघांना कळत होतं. लॅबमधली मुलगी ती, तो धूर कशाचा होता हे तिला कळलं नसेल? सगळं कळलं होतं. साहेबांसमोर एका वाक्यात माझं नाव घेऊ शकली असती. तिने घेतलं नाही. मी स्वतः बोलावं म्हणून थांबली — दादा म्हणायची ना!

मी तिच्याकडे पाहिलं नाही. साहेबांकडे पाहिलं आणि सगळ्यांना नीट कळावं म्हणून हिंदीत म्हणालो, "सर, मैंने देखा था. डिब्बा आधा ही भरा था."