दुकानापर्यंतची बस

मेलकावेरीतल्या आमच्या गल्लीच्या टोकाला सरकारी दारूचं दुकान होतं. ते हलवावं म्हणून अर्ज मी लिहिला. घरात मराठी बोलत असलो तरी शाळेत मी तमिळ शिकवतो, म्हणून गल्लीत मला वाद्यार, म्हणजे मास्तर, म्हणतात आणि सगळ्यांचे अर्ज माझ्याकडेच येतात. शाळेचं फाटक आणि मारुतीचं देऊळ दुकानाच्या फार जवळ आहेत, हे मी टेप धरून मोजून दाखवलं. बायकांना घेऊन रस्त्यावर बसलो. दुकान हललं आणि लोकांनी माझ्या खांद्यावर शाल घातली.

मुलांसाठी केलं, असं मी सांगत फिरलो. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. माझा धाकटा भाऊ त्या दुकानातून चालत घरी यायचा आणि आमच्या ओट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर आडवा व्हायचा. कमरेची वेष्टी सुटलेली असायची. तो तसा कुणाला दिसू नये, एवढंच मला हवं होतं. दुकान गेलं की त्याचं पिणंही जाईल, अशी मी मनाची समजूत घातली होती.

दुकान गेलं दारासुरम गावापलीकडे, बायपासला लागून, भाताच्या शेतांत. भाऊ मोटारसायकलवर जाऊ लागला. एकदा कालव्यात पडला, गुडघा फुटला. मग परत येताना त्याने एका सायकलवाल्याला उडवलं. तो रेशमाचा विणकर. जगला, पण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, मागावर बसता येत नाही. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या बायकोने मला पाणी आणून दिलं. मला ते पिववलं नाही.

"आता कुणाची पाळी, भावोजी?" माझी भावजय म्हणाली. "हे तरी जातील, नाहीतर दुसऱ्या कुणाचं घर तरी."

उपविभागीय कार्यालयात सोमवारी गाऱ्हाणी ऐकतात. मी पुन्हा अर्ज लिहिला. दुकान गावाबाहेरच ठेवायचं असेल तर तिथपर्यंत टाउन बस सोडा. पोलीस बायपासच्या नाक्यावर यंत्राच्या नळीत फुंकर मारायला लावतात, त्याऐवजी दुकानाला लागून असलेल्या बारच्या दारातच, गाडीला किल्ली लावण्याआधीच पिणाऱ्यांना थांबवा. इस्पितळात व्यसनाच्या रोग्यांसाठी खाटा वाढवा.

अधिकारी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. अर्ज वाचून त्यांनी चष्मा काढला. "सार, दुकान हलवा म्हणून येऊन गेलात ते तुम्हीच ना?"

"मीच."

"आणि आता सरकारने पिणाऱ्यांना बस द्यायची? उद्या पेपरात काय छापून येईल?"

"जे मरतील त्यांचीही बातमी येईलच की."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. अर्जावर शिक्का बसला. मागे रांगेत आमच्या समोरच्या घरातली बाई विधवा पेन्शनसाठी उभी होती. त्या धरण्यात ती माझ्या शेजारीच बसली होती. बाहेर येताच तिने मला गाठलं.

"वाद्यार, माझ्या पोरीला कॉलेजला जायला दोन बस बदलाव्या लागतात. तुमच्या भावाला घरून थेट बस पाहिजे?"

"अम्मा, तो रस्त्यावर मरेल."

"माझा नवरा रस्त्यावर नाही मेला. चालत जायचा, चालत यायचा. घरात, माझ्या मांडीवर रक्त ओकून मेला. दुकान जवळ होतं तेव्हाच ना?"

दुकान जवळ असतानाचं मरण तिच्या वाट्याला आलं. लांब गेल्यावरचं मी दुसऱ्यांच्या वाट्याला पाठवलं.

घरी येऊन मी मोटारसायकलची किल्ली लपवली. दुसऱ्या दिवशी भावाचे हात थरथरू लागले. त्याच्या पुढच्या दिवशी न्हाणीघरात त्याला झटका आला, दातांखाली जीभ सापडली. इस्पितळातले डॉक्टर रागावले. म्हणाले, असं घरात एकदम तोडायचं नसतं, दाखल करूनच सोडवावं लागतं. मग खाट मागितली तर म्हणाले, "रिकामी झाली की कळवतो."

तीन दिवस झाले, कळवलेलं नाही. तोवर एकदम तोडायची नाही, म्हणून शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकतो. बारा वाजता दुकान उघडतं, त्याआधी भाऊ अंगरखा घालून दारात उभा असतो.

"अण्णा, किल्ली दे."

"मागे बस."

"तू नेणार मला? तू?" पहिल्या दिवशी तो हसला होता. "शाल घेऊन ये, अण्णा. तिथेही सत्कार करतील."

मी बाहेर उन्हात थांबतो. कमी पी, असं रोज सांगतो. आज माझा एक जुना विद्यार्थी बाटली घेऊन बाहेर आला, मला पाहून थबकला आणि ती पाठीमागे धरून "वणक्कम, सार" म्हणाला. मी हात जोडले. गाडी घेऊन आलायस का, पिऊन ती चालवणार कशी, हे विचारायला हवं होतं. मी त्याला जाऊ दिलं.

परतताना भावाला मी माझ्या उपरण्याने कमरेशी बांधून घेतो. दारासुरम येईपर्यंत त्याची मान माझ्या खांद्यावर पडलेली असते. गतिरोधक आला की गाडी हळू करतो आणि मानेवर त्याचा श्वास लागतोय ना, ते बघतो. आज एका गतिरोधकावर श्वास लागला नाही. मी गाडी बाजूला घेतली, त्याला हलवलं, नावाने हाक मारली. बऱ्याच वेळाने तो कण्हला. मग आम्ही पुढे निघालो.