उत्तरेच्या बांधावर कोण उभं राहणार?

जायचं ठरलं ते फोनवर. "ते जीपीएस अजून आहे ना तुझ्याकडं? शनिवार-रविवार काय करतेयस?" सुगंधाताईंनी विचारलं. मी शनिवारी ऑफिस असतं म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग रजा टाक."

सुगंधाताई पेठ तालुक्यातल्या. आदिवासींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेच्या पूर्णवेळ कार्यकर्त्या. संघटना रेशनकार्डांपासून द्राक्षबागेतल्या मजुरीपर्यंत सगळ्यासाठी भांडते, पण सध्या तिथे एकच विषय आहे: वनजमीन. मी नाशिकच्या एका खाजगी सर्व्हे ऑफिसात काम करते, सिव्हिलचा डिप्लोमा केलेला आहे. संघटनेची सभासद नाही. मोर्चात कधी गेलेले नाही, घोषणा मला जमत नाहीत, आणि हे मी ताईंना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्यावर त्यांचं उत्तर होतं, "घोषणा द्यायला माणसं पुष्कळ हायेत. यंत्र चालवणारी नाय."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जंगलखात्याच्या नावावर असलेली, पण आदिवासी कुटुंबं कित्येक वर्षं कसत आलेली जमीन आता कायद्याने त्यांच्या नावावर होऊ शकते. नियम मागच्या वर्षी आले. दावा आधी गावच्या ग्रामसभेपुढे जातो, तिथून प्रांत कार्यालयात, तिथून जिल्ह्याला. दाव्यासोबत जमिनीचा नकाशा असला तर तो टिकायला बरा. नकाशासाठी मी.

पेठला जायला नाशिकहून एसटी सोयीची. तिकीट चाळीसच्या आत, वेळ दोन तासांच्या आसपास. डाव्या खिडकीसाठी भांडू नका, दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं. करंजाळीला गाडी थांबते, तिथे वडापाव घेतला तर गरम आहे का हे आधी विचारा. पुढे सावळघाट आणि कोटंबीचा घाट. वळणं खूप आहेत. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं. जानेवारीत डोंगर पिवळे पडलेले असतात. हिरवंगार बघायचं असेल तर पावसाळ्यात जा, पण तेव्हा मोजणी होत नाही.

आमच्या बसमध्ये पेठला जाणारी माणसं कमी होती. उलट्या दिशेच्या जीपा मात्र भरून चालल्या होत्या. टपावर गाठोडी, मागे लटकलेली पोरं. दिंडोरीकडच्या बागांत कामं सुरू झाली होती. शेजारी बसलेल्या ताई म्हणाल्या, "म्हणून घाई. अजून आठवडाभरानं पाड्यावर म्हाताऱ्यांशिवाय कुणी सापडायचं नाय."

पेठच्या स्टँडवरून पुढे जीप. ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि 'भरली' या शब्दाचा तिथला अर्थ तुमच्या कल्पनेपेक्षा मोठा आहे. शेवटचा टप्पा पायी. पाड्याचं नाव लिहीत नाही, तिथली भांडणं तिथेच राहू देत. माणसांची नावंही बदलली आहेत.

आमची राहायची सोय चिमणदादांकडे होती. ते गावातले दावे तपासणाऱ्या वनहक्क समितीचे अध्यक्ष, सत्तरीच्या पुढचे, कानात बाळी, अंगात कुणीतरी दिलेलं पोलिसी खाकी स्वेटर. जेवायला नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्यांची, चटणी. चटणी तिखट नसते, पण जड असते. मी दुसरी भाकरी नको म्हटलं तर दादांची बायको सुगंधाताईंना कोकणीत, म्हणजे तिथल्या कोकणा लोकांच्या बोलीत, काहीतरी बोलली. सगळे हसले.

"काय म्हणाल्या?"

"म्हणते, यंत्रात सेल घालावं लागतं, मग बाईत नको?"

मी दुसरी भाकरी घेतली.

शनिवारी दुपारी तीन प्लॉट मोजले आणि संघटनेची पद्धत पहिल्यांदा पाहिली. माझी पद्धत साधी: मालकाने हद्दीवरून चालायचं, मी हातात यंत्र धरून मागे, कोपऱ्यावर थांबून बिंदू घ्यायचा. त्यांची पद्धत वेगळी. प्रत्येक कोपऱ्यावर जो कसतो तो आणि त्याच्या लगतचा शेजारी, दोघांनी मिळून एक दगड उचलायचा आणि जागेवर ठेवायचा. दगड एकट्याने उचलण्यासारखा असला तरी दोघांनीच. वर चुन्याचं बोट. मगच मी यंत्र दगडावर टेकवायचं. शेजारी आला नाही तर कोपरा घ्यायचा नाही. कोपरा नाही तर मोजणी नाही.

मी ताईंना विचारलं, कायद्यात असं कुठे आहे?

"कायद्यात नाय. मागल्या वर्षी एका गावात आम्ही नुसतंच मोजलं. कागदावर दोघांच्या जमिनी एकमेकांत घुसल्या. भाऊ भाऊ कोयते घेऊन उठले, आणि साहेब म्हणाला बघा, तुमचंच तुम्हाला माहीत नाही. तेव्हापासून दगड."

मोकळ्या आकाशाखाली या यंत्राची चूक पाच-सात मीटरची असते, सागाखाली त्याहून जास्त. दोघांच्या हातांनी ठेवलेला दगड ती चूक कमी करत नाही. मी तसं बोललेही. ताई म्हणाल्या, "चूक तू तुझ्या कागदावर लिही. भांडण आमच्याकडं येतं."

रविवारी सकाळी सोनीबाईचा प्लॉट होता. दुपारी ग्रामसभा. त्याआधी मोजणी व्हायलाच हवी होती, कारण पुढची सभा होईस्तोवर अर्धं गाव बागांत गेलेलं असणार, आणि गणपूर्ती झाली नाही तर सभाच नाही.

सोनीबाई चाळिशीची असावी. लग्नानंतर काही वर्षांनी नवऱ्याने दुसरी आणली आणि ही माहेरी परतली. वडिलांनी जिवंतपणी तिला वरचा उताराचा तुकडा दिला, खालची भाताची खाचरं भावाला, काशिनाथला. दोन्ही जमिनी जंगलखात्याच्या. दोन्ही दावे वेगळे. पण मागच्या महिन्यात काशिनाथने समितीला सांगितलं की वरचा उतारही माझाच, बहीण नुसती मदत करते.

उताराच्या तीन बाजूंचे शेजारी सकाळीच येऊन बसले होते, एकाच्या हातात बिडी, एकीच्या मांडीवर नात. उत्तरेचा शेजारी काशिनाथ. तो आला नव्हता. आणि तो कुठे होता हे शोधायची गरजही नव्हती. खाली खळ्यावर नागली झोडत होता, उतारावरून स्पष्ट दिसत होता. हाक गेली. त्याने मान वर केली नाही.

आम्ही दक्षिणेचे दोन कोपरे घेतले. उत्तरेचे दोन राहिले. मी यंत्र बंद केलं, सेल वाचवायला.

"उत्तरेची बाजू मी खालच्या खाचराच्या मोजणीवरून जोडू शकते," मी ताईंना म्हटलं. "त्याचा प्लॉट आपण काल मोजलाय. बांध एकच आहे, हिचे कोपरे त्या बांधाच्या मध्येच येतात एवढंच."

"आणि दगड?"

"दगड नंतर ठेवता येईल."

"मग उद्या तोच म्हणेल, मी नव्हतो तेव्हा मोजलं. आणि खरं बोलेल."

चिमणदादा खाली जाऊन आले. काशिनाथचं म्हणणं, कामात आहे, सभेत बघू. सभेत बघू म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. मोजणी नाही म्हणजे सोनीबाईचा दावा पुढे सरकणार नाही. त्याचा सरकेल.

सोनीबाई उन्हात बसून राहिली, पदर डोक्यावर, हाताने ढेकळं फोडत. ताईही बसल्या. मी विचारलं, आता काय? ताई म्हणाल्या, "आता बसायचं." मला अशा बसण्याची सवय नाही. मी तोवर घेतलेले बिंदू तपासले, दोनदा.

ऊन चढल्यावर खालून एक बाई वर आली. काशिनाथची बायको, येसू. डोक्यावर पाण्याचा हंडा. आम्हाला वाटलं पाणी द्यायला आली. तिने हंडा खाली ठेवला, पण पाणी कुणाला विचारलं नाही.

"किती वेळ बसायचं ठरवलंय?" ती नणंदेला म्हणाली. "माझ्या चुलीला तुझा स्वयंपाक करायचा कंटाळा आलाय."

"मी कधी तुझ्या चुलीचं खाल्लं?" सोनीबाई म्हणाली. "माझी नागली मी दळते."

"दळते माझ्या जात्यावर."

"जातं माझ्या आईचं हाय."

बिडीवाला शेजारी हसला. येसूने त्याच्याकडे बघितलं, तो गप्प झाला. मग ती चिमणदादांकडे वळली. "दादा, शेजारी म्हणजे कोण? ज्याचं नाव हाय तो, का जो कसतो तो?"

दादा विचारात पडले. "कायदा कसणाऱ्याचा हाय."

"खालच्या खाचरात लावणी कोण करतं? निंदणी कोण करतं? तो तर आवणी-लावणीच्या दिवसांतबी पेठच्या बाजारात बसतो. बांध मीच घालते दरसाल." तिने पदर खोचला. "दाखवा दगड."

ताईंनी दादांकडे बघितलं. दादांनी इतर शेजाऱ्यांकडे. नातीवाली म्हातारी म्हणाली, "बांध तीच घालते. मी बघते ना."

"काशिनाथ काय म्हणेल?" दादा म्हणाले.

"मला म्हणेल. तुम्हाला काय?"

येसू आणि सोनीबाई दोघींनी मिळून दगड उचलला. चालताना एकमेकींकडे बघितलं नाही. कोपरा नेमका कुठे यावर दोघींचा वाद झाला, हातभर जागेवरून. येसू म्हणाली इथे, सोनी म्हणाली तिथे, दगड दोघींच्या हातात अधांतरी. शेवटी सोनीबाईने सोडलं. दगड येसू म्हणाली तिथे पडला. चुना लागला. मी यंत्र टेकवलं. हातभर जागा माझ्या यंत्राला दिसतही नाही, पण ते मी तिथे बोलले नाही.

दुसऱ्या कोपऱ्यावर येसूने दगड सोनीबाईच्या म्हणण्याप्रमाणे ठेवू दिला. खाली खळ्यावरचा आवाज थांबला होता.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात. पुरुष आत सतरंजीवर, बायका बाहेर अंगणात, ही तिथली नेहमीची बैठक. सुगंधाताईंनी बायकांना आत बोलावलं. निम्म्या आल्या. सोनीबाईचा दावा वाचला गेला. काशिनाथ उठला. उंच, किडकिडीत माणूस, आवाज मात्र शांत.

"मोजणीला मी नव्हतो. उत्तरेचा दगड मी ठेवला नाय."

"मी ठेवला," येसू म्हणाली. ती दाराशी उभी होती, आत बाहेर दोन्हीकडे नसल्यासारखी.

"तुला कुणी सांगितलं?"

"खाचरात कुणी सांगितलं होतं?"

लोक हसले. काशिनाथ हसला नाही, पण बसलाही नाही. चिमणदादांनी विचारलं, वरचा उतार सोनी कसते की नाय? हात वर करा. हात बरेच वर गेले. काशिनाथने हात वर केला नाही आणि विरोधातही केला नाही. दावा मंजूर झाला.

पुढचा दावा त्याचाच. अर्ज एकट्याच्या नावे भरला होता. येसू तिथूनच म्हणाली, "मी शेजारी म्हणून चालले, मग मालक म्हणून का नाय?" सुगंधाताईंनी कायदा वाचून दाखवला: लग्न झालेलं असेल तर जमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे. त्यात ताईंना काही करायचं उरलं नव्हतं, नुसतं वाचायचं होतं. चिमणदादांनी पेन काशिनाथपुढे धरलं. तो दाराकडे बघून म्हणाला, "लिवा. नायतर घरी जेवण नाय." हे ऐकून पहिल्यांदा सोनीबाई हसली.

परतीची जीप संध्याकाळी पाचनंतर मिळत नाही, हे लक्षात ठेवा. आम्हाला शेवटची मिळाली, मागच्या फळीवर. पेठहून एसटी, नाशिकला स्टँडवर उतरून मिसळ खाल्ली. ताई घाटात झोपल्या होत्या. मी त्यांना उठवून विचारलं होतं की हे सगळं ठरवून झालं का, येसूला आधी सांगून ठेवलं होतं का. त्या म्हणाल्या, "ठरवलं असतं तर सकाळीच बोलावलं असतं. मी तीन तास उन्हात कशाला बसले असते?"

नकाशे मी त्याच आठवड्यात काढले. सोनीबाईचा उतार कागदावर वाकड्या चौकोनासारखा दिसतो. चतुःसीमेत 'उत्तरेस' या शब्दापुढे मी येसूबाई आणि काशिनाथ अशी दोन नावं टाकली, याच क्रमाने. दावा अजून प्रांत कार्यालयात आहे. मंजूर होईल की नाही, मी सांगू शकत नाही. तिकडे कुणी जाणार असाल तर यंत्र आणि जास्तीचे सेल घेऊन जा. संघटनेला माणसं हवी आहेत, सभासद व्हावंच लागतं असं नाही. मी अजूनही झालेले नाही. तीन वेळा जाऊन आले आहे.

पाऊस सुरू झाल्यावर ताईंना फोन केला. एक गोष्ट मोजणीच्या वेळी मी विचारलीच नव्हती आणि नंतर ती डोक्यात राहिली: सोनीबाईकडे बैल नाहीत. आजवर भावाचेच जुंपायची. आता तो देतो का?

"नाय देत," ताई म्हणाल्या. "बोलतबी नाय तिच्याशी."

"मग नांगरणी?"

"झाली की. येसूनं बैल सोडून आणले. ती सांगते, नवरा घरी नव्हता. पण होता. ओट्यावर बसला होता. तिनं दावं सोडताना त्यानं नुसते पाय आवरून घेतले."