कॅमेऱ्याचा आवाज गेला तेव्हा

रामनगरात माझं भांड्यांचं दुकान आहे. डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव फिरलो, तेव्हा कुठे ते उभं राहिलं. बायको मात्र गावी, कुंभारवाड्याकडच्या घरीच राहते. भात आणि म्हशी सोडून यायला ती तयार नाही. तिच्या साध्या फोनला तिथे रेंज नसते. नवा घेऊन दिला, तो तिने ट्रंकेत ठेवला.

म्हणून गोठ्याच्या वाशाला कॅमेरा बसवला. इंटरनेटची वायर पंचायतीपर्यंत आली होती, ती भांडून घरापर्यंत ओढून घेतली. निमित्त गव्यांचं. गोठ्यापलीकडचा भाताचा कोपरा त्यात दिसायचा. गवे तिथे शिरले की मी दुकानातून फोनमध्ये ओरडायचो, तो आवाज कॅमेऱ्यातून तिकडे जायचा. खरा उपयोग संध्याकाळचा. धार काढताना ती वर बघून विचारायची, "अवं, हायसा न्हवं?" मग आमचं बोलणं सुरू व्हायचं.

एकदा मी पुन्हा म्हटलं, रामनगरला चल.

"आणि म्हशी? तुमच्या कढयांमधी बांधू व्हय?"

मी चिडलो. "मग मर तिथंच एकटी," म्हणालो आणि बंद केलं.

दुसऱ्या दिवशी बघतो तर फोनवर बोलायचं बटणच नाही. कंपनीने अपडेट पाठवून आवाज काढून घेतला होता, येणारा आणि जाणाराही. चित्र तेवढं ठेवलं होतं. कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस हिंदीत म्हणाला, या मॉडेलला आता ती सोय नाही.

"मी कढई विकतो. मग गिऱ्हाईकाच्या चुलीवरून त्या कढईचे कान कापून आणतो का?"

"सर, नवं मॉडेल घ्या."

सौद्यात समोरचा कुठेतरी घुटमळतो, तिथे त्याला धरायचा असतो. हा घुटमळलाच नाही.

तिकडे ती वर बघून ओठ हलवत होती. राग आला की मी बोलणं टाकतो, हे तिला लग्नापासून माहीत. तिला वाटलं, तेच चाललंय. एका संध्याकाळी ती बराच वेळ कॅमेऱ्याखाली उभी राहिली. पुढच्या संध्याकाळी दुधाची चरवी आपटली, काठी घेतली आणि कॅमेऱ्याचं तोंड भाताकडे फिरवलं.

बाजार उरकला तशी मी बस धरली. घरी जाऊन सगळं सांगितलं.

"इकलेल्या वस्तूचा आवाज कोण माघारी नेतंय?" ती चहा गाळत म्हणाली. "माझ्याशी तरी सौदा करू नगासा."

"ते मरायचं, रागात निघालं गं."

"व्हय," म्हणाली आणि कप पुढे केला.

निघताना मी कॅमेरा पुन्हा गोठ्याकडे वळवला. रामनगरला पोचून उघडला, तर समोर भात.

आता दुकानात बसून भातच बघतो. परवा तिन्हीसांजेला त्यात गवे शिरले. मी जोरात ओरडलो. काउंटरवरचं गिऱ्हाईक दचकलं. गवे माना खाली घालून खात राहिले.