उत्तरपत्रिकेतल्या नांग्या

आटपाट नगर म्हणायला आमचं गाव काही नगर नाही. शहापूर-मुरबाड रस्त्याला एक फाटा फुटतो, तिथून वीस मिनिटं चाललं की आमची चाळीस घरं. त्यातल्या एका घरात हिराबाई नावाची म्हातारी राहायची. तिचा मुलगा बाळाराम, सून वनिता, नात श्रुतिका. म्हातारी शाळेची पायरी कधी चढली नव्हती, पण आपल्यावाचून या घरात पान हलत नाही, अशी तिची खात्री होती.

ती म्हातारी म्हणजे मीच. आता काय सांगू तुम्हाला, त्या खात्रीनंच माझा घात केला. मी सांगतेय आणि सून लिहून घेतेय. इथवर लिहिलं नाही तोच तिनं तोंडाला पदर लावलाय. हसू दे. तिचा हक्कच आहे.

तर झालं असं. आमच्या श्रुतिकाला दातांची डॉक्टर व्हायचं होतं. का, तर ती चौथीत असताना माझी दाढ काढायला आम्ही कल्याणला गेलो होतो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्याशी भाताच्या लावणीच्या गप्पा मारता मारता दाढ कधी काढली ते मलाही कळलं नाही. पोरीनं ते बघितलं आणि ठरवलं, आपण हेच करायचं. तेव्हापासून घरात कोणी जांभई दिली तरी ही आत डोकावून बघायची. मी मशेरी लावायला बसले की समोर उभी राहायची.

"आजी, तुजे दात मशेरीनं गेले."

"गेले ते गेले. हायत त्यांना तरी सुखानं राहू दे."

बारावी झाली आणि तिनं परीक्षेच्या तयारीला एक वर्ष घेतलं. सगळ्या डॉक्टरांची परीक्षा एकच असते म्हणे. पोटाचा असो, हाडाचा असो नाहीतर दातांचा. त्यासाठी शहापूरला एका सरांचा क्लास लावला. पोर सकाळी फाट्यावरून एसटी पकडायची ती तिसऱ्या प्रहरी परत. मग पुन्हा पुस्तकं. बाकी सगळं तिला यायचं, पण एक भौतिक नावाचा विषय होता, तो काही केल्या तिच्या अंगी लागेना.

सरांनी सांगितलं, "मी एक परीक्षा घेतो. तिच्यातली पहिली वीस मुलं निवडून त्यांना रोज दोन तास वेगळं शिकवणार." श्रुतिका घरी येऊन म्हणाली, "आजी, त्या विसात माजं नाव आलं तरच माजं काय खरं हाय. भौतिक मला एकटीला नाय जमणार."

आता सरांना तेव्हाच जागा बदलायची होती. बाकडी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत न्यायची होती. म्हणून त्यांनी पेपर घरी दिला. शनिवारी घड्याळ लावून तीन तासांत सोडवायचा, सोमवारी उत्तरांचा कागद आणून द्यायचा. पोरांवर विश्वास टाकला बिचाऱ्यांनी. पोरांच्या आज्यांचा हिशेब त्यांनी धरला नव्हता.

शनिवारी पोरीनं दार लावून पेपर सोडवला. बाहेर आली ती पार गळून. दोन घास खाल्ले आणि बाहेरच झोपली. मी खोलीत केर काढायला गेले, तर टेबलावर तो कागद.

मला वाटलेलं, उत्तरं म्हणजे लिहायची असतात, पानंच्या पानं. ह्या कागदावर तर अक्षर म्हणून नाही. नुसत्या बारीक बारीक गोळ्यांच्या ओळी, एका ओळीत चार. त्यातला एक गोळा काळा केलेला, तीन पांढरे. मला वाटलं, फॉर्मबिर्म असेल, नाहीतर सरकारी नक्षी.

पण माझी नजर अडकली ती दुसरीकडेच. कुठं कुठं आख्खी ओळ मोकळी. चारही गोळे पांढरे. खाली दोन ओळी भरलेल्या, मग पुन्हा एक मोकळी. पुढं तर लागोपाठ पाच.

आता तुम्हीच सांगा, आठवडाभर मी खाचरात नांग्या भरत होते. भाताची लावणी झाली की चार-आठ दिवसांनी मागं वळून बघायचं असतं. कुठं रोप कुजतं, कुठं खेकडा तोडतो. तिथं रिकामी जागा पडते, तिला नांगी म्हणतात. तिच्यात दुसरं रोप खोचायचं. नांगी तशीच ठेवली तर तिथं गवत माजतं, आणि बांधावरून जाणारा येणारा म्हणतो, ह्या घरच्या बाया आळशी. साठ वर्षं मी एक नांगी मागं ठेवलेली नाही. आणि माझ्याच घरात, माझ्याच नातीच्या कागदावर इतक्या नांग्या?

पोर दमली बिचारी, म्हटलं. राहिलं तिच्या हातून.

बाजूलाच काळं बॉलपेन होतं. रोप धरतात तसं तीन बोटांत धरलं आणि बसले. उगाच वाट्टेल तसं नाही हं. वरच्या ओळीतला काळा गोळा डावीकडं असेल, तर मी खालचा उजवीकडं भरायची. रोपाखाली रोप आलं की वारा लागत नाही. श्रुतिकाचे गोळे कोंबडीनं चोच मारल्यासारखे, रेघेबाहेर गेलेले. माझे कसे, तांदळाच्या बोऱ्यासारखे गच्च भरलेले आणि काठोकाठ. तासभर लागला. कंबर मोडून आली. मग कागद पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत सरकवला आणि समाधानानं चहा ठेवला. पोरीला सांगितलं का? नाही सांगितलं. केलेलं काम काय बोलून दाखवायचं असतं?

सोमवारी तिनं ती पिशवी तशीच दप्तरात टाकली आणि गेली.

आठ दिवसांनी पोर घरी आली ती डोळे सुजवून. विसात नाव नव्हतं.

"मी सोडलेल्या प्रश्नांचीपण उत्तरं दिलीत असं सर सांगतात," ती आईला म्हणाली. "आणि जवळजवळ सगळी चुकीची. चुकलं की मार्क कापतात, म्हणून तर मी सोडलेली. सर बोलले, अंदाजपंचे ठोकत सुटलीस. पण आई, मी नाय गो दिली."

"मंग कोणी दिली?"

"मलाच कळत नाय."

इथं तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. उत्तरं दिली म्हणजे कोणीतरी कायतरी लिहिलं असणार, असंच माझ्या डोक्यात. मी तर काहीच लिहिलं नव्हतं. मला कुठं लिहिता येतं?

उलट मीच पुढं झाले. म्हटलं, पोरीला नजर लागली. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका कोणालाच लागला नाही. म्हणजे नजर केवढी मोठी, बघा. शेजारची जनीबाय दारात उभी होती, ती म्हणाली, "झोपेत उठून लिहीत असंल गो पोर. आमच्या दिराचा पोऱ्या झोपेत गोठ्यात जायचा."

झालं. त्या रात्रीपासून मी पोरीच्या खोलीच्या उंबऱ्यातच अंथरूण टाकलं. ती कूस वळली की मी उठून बसायची. "कुठं चाललीस?" "आजी, मी झोपलेय." असं रात्रीतून चार वेळा. चार दिवसांत पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलं. मग मीच बाळारामाला म्हटलं, "बघ, तोंड बघ तिचं. अभ्यास डोक्यात गेला तिच्या."

बाळाराम आसनगावहून गाडी धरून नोकरीला जातो. घरी येतो तो थकून. त्यानं पोरीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाला, "राहू दे तो क्लास. जीवापेक्षा काय मोठं नाय. इथंच कॉलेजात नाव घाल."

पोर रडली नाही. ती उठली, दप्तरातून एक कागद काढला आणि बापासमोर ठेवला.

"सरांनी माजी उत्तरपत्रिका परत दिली. पप्पा, बघा तरी. हे गोळे माज्या हातचे हायत का? मी येडी झाले असंन तर तसं बोला, मी सोडते."

मीपण वाकून बघितलं. आणि काय सांगू, पहिल्यांदा मला कौतुकच वाटलं. किती सुबक भरलेत, म्हटलं. काठोकाठ. वारा लागेल असे.

मग ओळखलं, हे तर माझेच.

"श्रुतिका, हे गोळे म्हंजे काय असतं गो?"

"हीच उत्तरं असतात, आजी. बरोबर उत्तराचा गोळा काळा करायचा."

"आणि मोकळी ओळ?"

"येत नाय म्हणून सोडलेली."

मी खाली बसले. पदरानं तोंड पुसलं. म्हटलं, "बाळाराम, पोर शहाणी हाय. नांग्या मी भरल्या."

सुनेच्या हातात पळी होती, ती तशीच हातात. बाळाराम सावकाश म्हणाला, "आये, तू?"

"आख्खी ओळ मोकळी होती. मला बघवंना."

पहिल्यांदा श्रुतिकाच हसली. हसता हसता मग रडली, आणि माझ्याच मांडीवर डोकं ठेवून रडली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं मला.

दुसऱ्या दिवशी चांगलं लुगडं नेसून तिच्यासोबत एसटीनं शहापूरला गेले. सरांना सगळं सांगितलं. सर तरुण माणूस, शांतपणे ऐकून घेतलं.

"आजी, मागच्या वर्षी एकाचा सरावाचा पेपर शेळीनं खाल्लेला. त्याच्या आधी एकाच्या पेपरावर बापानं सांबार सांडलेलं. आजीनं भरला, हे पहिल्यांदाच ऐकतोय."

"मंग काय, खोटं सांगते मी? कागद द्या. पेन द्या."

त्यांनी एक कागद दिला. मध्ये मध्ये चार-पाच गोळे स्वतः काळे केले आणि बाकीच्या ओळी मोकळ्या सोडल्या. मी बसले भरत. भरता भरता त्यांना सांगत होते, रोपाखाली रोप येता कामा नये. सर आधी माझ्या हाताकडं बघत होते. मग त्यांनी श्रुतिकाकडून तिचा कागद घेऊन शेजारी ठेवला. दोन्हीकडचे गोळे जुळ्या भावंडांसारखे.

सर खुर्चीत मागं टेकले. हसता हसता डोळे पुसत होते.

"भरलेला कागद मला आता बदलता यायचा नाय," ते म्हणाले. "बाकीच्या मुलांवर अन्याय होईल. पण नवा पेपर देतो. आत्ता, माझ्यासमोर बसून सोडवायचा. चालेल का गं?"

श्रुतिकानं मान हलवली.

"आणि आजी, तुमी बाहेरच्या बाकावर बसायचं. ते पेन ठेवा इथं."

तीन तास मी त्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसले. समोर टेबलावर हजेरीचा कागद पडला होता, त्यातही दोन घरं मोकळी होती. मी तोंड फिरवून बसले.

पोर चौदावी आली. मग वर्षभर ते रोजचे दोन तास. भौतिक काही तिचं मित्र झालं नाही, पण वैर मिटलं. यंदा ती मोठी परीक्षा झाली आणि दातांच्या सरकारी कॉलेजात तिला जागा मिळाली. आमच्या चाळीस घरांतली पहिली डॉक्टर. बाळारामानं गावभर पेढे वाटले, जनीबायनं दोनदा घेतले.

सरांना पेढे द्यायला मीच गेले. त्यांनी माझा तो जुना कागद जपून ठेवलाय, नव्या पोरांना दाखवतात म्हणे. मी विचारलं, "सर, एक सांगा. इतक्या नांग्या भरल्या मी, त्यातली काय थोडी तरी उत्तरं बरोबर आली असतील ना?"

सर म्हणाले, "आजी, एकेचाळीस भरलेत तुमी. एखाद्यानं डोळे बांधून भरले असते, तरी नशिबानं दहाएक बरोबर आले असते."

"आणि माजे?"

"तीन."

आता गावात कोणी म्हणालं ना, हिराबाई, नशीब काढलं हो तुमच्या नातीनं, तर मी सांगते, नाही बाई, पोरीनं अभ्यास केला. आमच्या घरातलं नशीब मी स्वतः मोजून आलेय. ते तीन आहे.