मर्गार्थांचं बाक

आमच्या या उत्तर इंग्लंडातल्या खोऱ्यात कुणी ‘मर्गार्थ’ अशी आडनावानं हाक मारली, तर निम्मा पब वळून बघेल आणि उरलेला निम्मा हसेल. म्हणून तशी हाक कुणी मारतच नाही. इथे आडनाव लागतं ते जन्माच्या दाखल्यावर आणि थडग्यावर. मधली सगळी वर्षं माणूस बापाच्या-आज्याच्या नावानं ओळखला जातो, नाहीतर तो ज्या वाडीवर मेंढ्या राखतो त्या वाडीच्या नावानं. माझा नवरा म्हणजे ‘नेडच्या जॅकचा अ‍ॅलन’; खोऱ्यातला पब आम्ही दोघं चालवतो. मी लग्न करून डोंगरापलीकडून, लँकाशरमधून आले, त्याला एकेचाळीस वर्षं झाली. मी अजून ‘अ‍ॅलनची पलीकडची’च आहे.

हिल्डा होती ‘बिलच्या टॉमची हिल्डा’. चौतीस वर्षं तिनं या खोऱ्यात टपाल वाटलं, आधी सायकलवर आणि मग लाल गाडीतून. बोलायला फटकळ, चालायला भराभर, आणि केक असा करायची की रागावलेला माणूससुद्धा दुसरा तुकडा मागायचा. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायची, “केलं असतं तर आडनाव बदलावं लागलं असतं. एक कमी झाला असता ना!”

कारण हिल्डा मोजत होती. टपालाच्या पिशवीत रोज तेच आडनाव बघून बघून तिच्या डोक्यात आलं की ते खोऱ्याबाहेर कुठेच कसं दिसत नाही. मग ती शहरातल्या वाचनालयात जाऊन टेलिफोनच्या जाडजूड याद्या चाळू लागली. साऱ्या इंग्लंडात मिळाले मूठभर, आणि जे मिळाले ते खोऱ्यातूनच कधीतरी उठून गेलेले. ओहायोत एक घर, न्यूझीलंडमध्ये दोन भाऊ. १९७१ साली तिनं हिरव्या पुठ्ठ्याची वही उघडली आणि पहिल्या पानावर लिहिलं: जगात मर्गार्थ एकशे त्रेचाळीस, पैकी खोऱ्यात एकसष्ट. पुढे दरवर्षी नवा आकडा. जन्मलेले शाईनं, लग्न करून आलेल्या पेन्सिलीनं.

“पेन्सिलीनं का गं?” मी एकदा विचारलं.

“शाईला खोडरबर चालत नाही,” ती म्हणाली. “तुम्हा पलीकडच्यांचा काय भरवसा!”

नावाचा उगम विचारायला ओहायोचा एक मर्गार्थ खास विमानानं आला होता. त्याला किल्ला हवा होता, निदान एखादा सरदार तरी. हिल्डानं त्याला गुडघाभर चिखलातून खोऱ्याच्या माथ्यावर नेलं आणि खाजकुयलीसारख्या झोंबऱ्या झाडांत पडलेल्या चार भिंती दाखवल्या. “हे मर्गार्थ. दलदलीतलं कुंपण. जो इथं राहिला तो मर्गार्थचा जॉन, त्याची पोरं मर्गार्थ. झालं, एवढाच इतिहास.” बिचाऱ्यानं भिंतीतला एक दगड बॅगेत घालून नेला. तो गेल्यावर हिल्डा महिनाभर कुरकुरत होती की भिंतीला भोक पडलं.

त्या वहीत एकच जागा कोरी होती. आयझॅक मर्गार्थ, त्याची बायको, दोन मुलं. १८८७ला खोरं सोडलं. पुढे काही नाही. हिल्डाला ती कोरी जागा दातात अडकलेल्या तंतूसारखी सलायची. मरायच्या आत ती भरायची, हा तिचा ध्यास होता, आणि हे ती सगळ्यांना सांगायची.

आयझॅक का गेला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. इथे प्रत्येक वाडीची मेंढी कानावरच्या कापावरून ओळखतात. कुणाची डावीकडे खाच, कुणाची उजवीकडे. डोंगर सगळ्यांचा एकच, कुंपण नाही, तेव्हा कान हीच मेंढीची सही. आयझॅकनं चुलतभावाच्या, म्हणजे हिल्डाच्या पणजोबाच्या, मेंढीचा कान मुळाजवळून छाटला आणि ती आपल्यात घातली. पोलिसाला कुणी बोलावलं नाही. नोव्हेंबरात मेंढपाळांचा मेळावा भरतो, भरकटलेल्या मेंढ्या ज्याच्या त्याला परत देतात आणि मग आमच्याच पबात सगळे जेवायला बसतात. तेव्हाही हाच पब होता, आणि खिडकीखालचं ओकाचं लांब बाकही हेच. त्यावर मर्गार्थ बसतात. त्या वर्षी आयझॅक ताट घेऊन आला आणि बाकावरचा एकही माणूस सरकला नाही. तो थोडा वेळ उभा राहिला, ताट खाली ठेवलं आणि निघून गेला. नाताळच्या आत घर रिकामं झालं होतं.

आता सिरिलबद्दल सांगायला हवं. ‘लो बील्डचा सिरिल’. सत्तेचाळीस सालच्या त्या भयंकर बर्फात खोऱ्यातल्या निम्म्या मेंढ्या गाडल्या गेल्या, गड्यांची चणचण झाली, आणि उन्हाळ्यात एकोणीस वर्षांचा सिरिल डोंगर उतरून लो बील्डच्या वाडीवर कामाला लागला. तिथेच तो म्हातारा झाला. दगडी भिंत रचावी तर त्यानंच. बोलणं कमी, हसणं डोळ्यांतल्या डोळ्यांत. दर गुरुवारी दुपारी चारला तो हिल्डाकडे चहाला जायचा. लोकांनी सुरुवातीला चेष्टा केली, मग तीही जुनी झाली. हिल्डा त्याच्यासमोर वही उघडून बसायची आणि बडबडायची: “ती चोराची पिलावळ कुठं जाऊन उलथली कोण जाणे. पण मोजायला तर हवीत!”

सिरिल चहात बिस्किट बुडवायचा आणि म्हणायचा, “सापडतील गं.”

मेळाव्याच्या जेवणाला तो दरवर्षी यायचा, पण शेकोटीजवळ उभ्यानं जेवायचा. म्हणायचा, बाकावर पाठ दुखते. आणि निवृत्तीवेतन इथल्या टपाल कचेरीत मिळत असताना ते घ्यायला बसनं अकरा मैलांवरच्या शहरात जायचा. म्हणायचा, तिथं मटण भरलेली ‘पाय’ छान मिळते. आम्ही दोन्ही कारणं मान्य केली होती. शहाण्या माणसालाही एखादं खूळ असतंच.

तीन वर्षांपूर्वी, उन्हाळा सरताना, त्याचं कंबरेचं हाड गेलं. शहरातल्या इस्पितळात तपासणी होती. गाडी मी चालवत होते. हिल्डा माझ्या शेजारी, कारण डॉक्टरला चार प्रश्न ठणकावून विचारायला कुणीतरी हवं, असं तिचं म्हणणं. आम्ही तिघं ओळीनं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. नर्स दारात आली.

“मर्गार्थ?”

हिल्डा सवयीनं उठली. “मीच. पण मी ठणठणीत आहे, दुखणं या बाबाचं आहे.”

“सिरिल मर्गार्थ,” नर्सनं कागद बघून सांगितलं.

“असा कुणी नाही,” हिल्डा म्हणाली. “अख्ख्या जगात नाही. मला माहीत असतं.”

सिरिलनं टोपी काढली, काठी टेकली आणि हळूहळू उठला. “आहे,” तो म्हणाला. “आलो, सिस्टर.”

हिल्डा तशीच खुर्चीत खाली बसली. आम्हाला बासष्ट वर्षांत कुणालाही त्याचं आडनाव विचारावंसं वाटलं नव्हतं. लो बील्डवर राहतो, म्हणून लो बील्डचा, संपलं. लो बील्डच्या म्हाताऱ्या मालकाला तेवढं ठाऊक असणार, पण तो कधीच गेला होता. आणि सिरिलला पत्र म्हणून कधी आलंच नव्हतं; निवृत्तीवेतनाला तो शहरात का जायचा, तेही आता कळलं.

परतताना पुलावर हिल्डानं मागे न बघता विचारलं, इथे खोऱ्यातल्या पोरासोरांना विचारतात तसं, “कुणाचा?”

“जोसेफचा.”

“जोसेफ कुणाचा?”

“आयझॅकचा,” सिरिल म्हणाला.

“गाडी थांबव, जेनेट.”

ती उतरली आणि भुरभुर पावसात उरलेला दीड मैल चालत घरी गेली. मी खिडकीतून हाका मारत हळूहळू गाडी चालवली, तिनं मान वळवली नाही. मागच्या सीटवर सिरिल टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. “चालव तू,” तो मला म्हणाला. “भिजू दे तिला. राग तसाच उतरतो तिचा.”

नाही उतरला. गुरुवारचा चहा बंद झाला. शस्त्रक्रिया झाली, सिरिल आमच्या पबाच्या मागच्या खोलीत राहायला आला, कारण त्याच्या घराला जिना होता. हिल्डानं केक पाठवला, पण शेजारच्यांच्या हाती. सिरिल केक खायचा आणि खिडकीतून तिच्या घराच्या धुराड्याकडे बघत बसायचा. बाकी कशाची त्याला भीती नव्हती, ऑपरेशनचीही नव्हती. तेवढा एक चहा मात्र त्याला हवा होता. माझं मन इतकं कळवळलं की दुसऱ्या दिवशी बिअरची पिंपं उतरवून घ्यायचं अ‍ॅलनवर सोपवून मी हिल्डाचं दार ठोठावलं.

वही टेबलावर उघडी होती. तेच पान.

“एवढं काय झालंय?” मी म्हटलं. “मिळाला ना हवा तो? भर की जागा.”

“अडतीस वर्षं माझा आकडा चुकत होता!”

“हे काही खरं कारण नाही.”

तिनं चष्मा काढून पदरासारखा एप्रन डोळ्यांना लावला. “अगं, त्याच्या तोंडावर मी चोराची पिलावळ म्हणत आले. दरवर्षी. माझ्याच घरात, माझाच चहा पिताना. आणि तो म्हणतो, सापडतील! मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही त्या माणसानं.”

“मग त्यालाच विचार ना, का सांगितलं नाही ते.”

“मला काय म्हणाला असता? आणि मी काय केलं असतं, जेनेट? तेव्हा, तिशीत असताना?” तिनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “हाकलून दिलं असतं मी त्याला.”

मी सिरिलला विचारलं. त्यानं सगळं सरळ सांगितलं. त्याचा आजा कापडगिरणीच्या शहरात, धुरानं काळ्या झालेल्या गल्लीत, या नातवाला हे खोरं तोंडपाठ करून घ्यायचा: कुठलं फाटक करकरतं, कुठल्या भिंतीमागे वारा लागत नाही. पोरगं बारा वर्षांचं असताना आजा गेला. “भिंती खऱ्या आहेत का ते बघायला आलो होतो,” सिरिल म्हणाला. “दोन दिवसांसाठी.”

“आणि मेंढी? आज्यानं खरंच…”

“छाटला होता कान. आजी आजारी होती, पण ते कारण त्यानं कधी पुढे केलं नाही. म्हणायचा, मी चुकलो. पण ताट घेऊन उभा होतो तेव्हा एकानं जरी सरकून जागा दिली असती, तर तिथंच सगळ्यांसमोर कबूल करून मेंढी परत केली असती.” तो खिडकीकडे वळला. “म्हणून मी त्या बाकावर बसलो नाही. बोलावल्याशिवाय कसं बसणार?”

यातलं एक अक्षरही मी कुणाला सांगितलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. त्याच दिवशी हिल्डाला सांगितलं. तिनं मला दाराबाहेर काढलं आणि कडी लावली.

नोव्हेंबरात मेळावा भरला. अंगणात मेंढ्यांचा कालवा, ओल्या लोकरीचा वास, आणि दुपारी एकला सगळे आत. मटण-बटाट्याची मोठाली पातेली, पाठोपाठ फळांचा केक आणि त्यावर चीज. जेवणाआधी हिल्डा दरवर्षी उभी राहून आकडा वाचायची. लोक टाळ्या वाजवायचे आणि मग खायचे. खिडकीखालच्या बाकावर नऊ मर्गार्थ खांद्याला खांदा लावून बसले होते, टोकाला माझा अ‍ॅलन. सिरिल चाकांच्या वॉकरच्या आधारानं शेकोटीजवळ उभा, हातात ताट.

हिल्डानं वही उघडली. “मृत्यू तीन. जन्म एक,” तिनं वाचलं. “जगात मर्गार्थ…” आणि ती थांबली. बातमी सगळ्यांना होती. खोऱ्यात काय लपतंय!

तिनं वही मिटली. “आकडा नंतर,” ती म्हणाली आणि बाकाकडे वळली. “ऐकू येत नाही का रे? माणूस ताट घेऊन उभाय. सरका!”

नऊ माणसं एकदम सरकली. बाकाच्या टोकावरून माझा नवरा ताटासकट जमिनीवर आला. कुणी हसलं नाही, तो स्वतःसुद्धा नाही. खिडकीपाशी, बाकाच्या वरच्या टोकाला, एका माणसाची जागा झाली होती.

सिरिल तिथपर्यंत यायला बराच वेळ लागला. हिल्डानं त्याचं ताट धरलं. तो बसला, बाकावर तळवा फिरवला, आणि तिच्याकडे बघून म्हणाला, “टणक आहे गं.”

“उशी आणते,” हिल्डा म्हणाली. ती रडत होती आणि ते लपवत नव्हती. “गुरुवारी ये. चार वाजता. आणि या वेळी तुझा आजा कसा होता ते तू सांग. मी लिहून घेते.”

“सांगतो,” तो म्हणाला. “आधी जेवू दे.”