पदकांवरचा उजेड
पितळेच्या पॉलिशचा वास आला की नव्वदीतली मानपाड्यातली ती दुपार आठवते. सैन्यातून मेजर म्हणून निवृत्त झालेले बाबा विरोधी पक्षाकडून निवडणुकीला उभे होते आणि कार्यकर्त्यांच्या आग्रहाखातर त्यांनी छातीवर पदकं लावलेली. दारोदारी बायका ओवाळत होत्या. एका दारात मात्र, बाबांच्याच तुकडीतल्या, लढाईत गेलेल्या जवानाची बायको रिवाजाप्रमाणे मागे सरली आणि ताट घेऊन सासू पुढे आली. बाबा म्हणाले, "हिलाच ओवाळू द्या." तिनं ओवाळलं, निरांजनाचा उजेड पदकांवरून फिरला. मग ती हळूच म्हणाली, "साहेब, आमचे हेही तुमच्यासोबतच गेलेले." जीपमध्ये बसल्यावर बाबांनी पदकं काढून खिशात टाकली. प्रचार चालूच राहिला, ते निवडूनही आले. आता बाबा नाहीत. पदकं मी घासते. चकाकतात, एवढंच.