पिवळ्या कार्डाची सोयरीक

महाडची एसटी सकाळी सव्वासहाला स्वारगेटहून सुटली, तेव्हा माझ्या मांडीवर निळा थंड डबा होता आणि हातात अकरा कामांची यादी. त्यांतली चार कामं गाडी सुटण्यापूर्वीच खोडून झाली होती.

पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत सिकलसेलच्या रुग्णांच्या तांबड्या पेशींवर काम चालतं. मी तिथली तंत्रज्ञ. निरोगी पेशी मऊ घावनासारखी दुमडते, केसापेक्षा बारीक वाटेतून निघते आणि पुन्हा उलगडते. सिकलसेलमधल्या पेशीला प्राणवायू कमी पडला की ती विळ्यासारखी वाकते, ताठ होते, अडकते. मागच्या पेशी तुंबतात आणि माणूस कळांनी तळमळतो. कुठली पेशी केव्हा वाकते, पुन्हा सरळ होते की नाही, हे आम्ही काचेच्या बारीक वाटांतून रक्त सोडून पाहतो. त्याला रक्त ताजं लागतं, कारण शिळ्या रक्तात पेशी आपोआपच रूप बदलतात. म्हणून आदल्या रात्री महाडला मुक्काम करायचा, सकाळी पोलादपूर तालुक्यातल्या एका आदिवासीवाडीवर जायचं, लक्ष्मण नावाच्या तिशीतल्या रुग्णाचं रक्त घ्यायचं आणि त्याच दिवशी पुणं गाठायचं, असा बेत होता. (माणसांची नावं मी बदलली आहेत.)

भोर मागे पडल्यावर रस्ता धरणाच्या पाण्याच्या कडेने वळत जातो आणि मग एकदम वरंधा घाटात शिरतो. पावसाळा सरून दोन महिने झाले होते. दरीतलं गवत पिवळं पडू लागलं होतं. माथ्यावर गाडी थांबली, भजी खाल्ली, एका माकडाने माझा चहाचा कप पळवला. शेजारी बसलेल्या बाई घाटभर माझ्या डब्याकडे पाहत होत्या.

"बोंबील हायत का गो?"

"रिकामा आहे."

"रिकामा डबा मांडीवर घेऊन कोन बसतं?" एवढं बोलून त्या वरंधला उतरल्या. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नाही, हे पाठमोरं पाहूनही कळत होतं.

महाडला लॉजवर उतरले. रात्रीच्या जेवणात तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी). डबा थंड ठेवणाऱ्या जेलच्या पिशव्या मालकांच्या फ्रीजमध्ये ठेवायला दिल्या. त्यांनी त्या बर्फाच्या कप्प्याऐवजी भाजीच्या कप्प्यात ठेवल्या. सकाळी हातात घेतल्या तर गार, पण मऊ. पोलादपूरला उतरल्यावर पहिलं काम बर्फ शोधण्याचं. तो मिळाला मासळीवालीकडे. वर्तमानपत्राचे तीन थर गुंडाळून मी तो डब्यात बसवला, कारण बर्फ रक्ताच्या नळीला चिकटला की पेशी गोठून फुटतात. आता डब्याला खरोखरच बोंबलाचा वास येत होता.

सुरेखाताई नाक्यावर उभ्या होत्या. त्या तिथल्या आशा (गावपातळीवरच्या आरोग्यसेविका). रिक्षा ओढ्यापर्यंत गेली, पुढे अर्धा तास चढ. त्यांनी वाटेतच सांगितलं, "लक्ष्मणच्या घरी आज पाव्हणे हायत, ताई. त्याच्या बहिणीची, सुमनची सुपारी (लग्न पक्कं करण्याचा विधी) ठरवायला आल्यात. मुलगा खालच्या गावचा, महाडला कारखान्यात हाय."

लक्ष्मण ओटीवर बसला होता. अंगाने बारीक, डोळे पिवळसर, उजवा पाय लांब केलेला. दुखणं चार दिवसांपूर्वीच ओसरलं होतं. मी संमतीचा कागद वाचून दाखवला, त्याने सही केली आणि हात पुढे केला.

"मी अजून पुनं बघितलं नाय. माजं रगत मातर चाललं," तो म्हणाला. "तिथं काय करता त्याचं?"

"काचेच्या बारीक वाटेतून सोडतो. कसं चालतं ते बघतो."

"तिथं पन अडकूनच बसंल बघा. माजंच हाय."

सुमन हसली. भावाच्या पायाला शेकायला तिने फडक्यात गरम वाळू बांधून आणली होती. चोवीस वर्षांची, बोलायला नेमकी. नळी भरून मी डब्यात ठेवली. घड्याळात साडेदहा. पोलादपूरहून एकची महाबळेश्वरमार्गे पुण्याची गाडी.

तेवढ्यात मुलाची, म्हणजे बबनची आई (तो स्वतः कामावर होता) चहाची बशी खाली ठेवत मला म्हणाली, "लई बरोबरीची सोयरीक हाय बघा. ते पन पिवळ्या कार्डाचे, आमी पन पिवळ्या कार्डाचे." आणि कौतुकाने तिने कमरेची प्लास्टिकची पिशवी उघडली. आत रेशनचं पिवळं कार्ड. त्याला चिकटून आणखी एक, लहान. "ह्ये बबनचं. शाळेत रक्त तपासलं तवा मिळालं. रेशनवाला म्हनतो चालत नाय. पन पिवळं ते पिवळंच ना!"

ते सिकलसेलच्या तपासणीचं कार्ड होतं. लाल म्हणजे रुग्ण, पांढरं म्हणजे काही नाही, पिवळं म्हणजे वाहक. मी सुरेखाताईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. खालचं गाव दुसऱ्या आशाकडे. त्यांना बबनचं ठाऊक नव्हतं. सुमनचं मात्र ठाऊक होतं. तिचंही कार्ड पिवळंच.

मी सुमनला घरामागे बोलावलं आणि जमेल तितकं सरळ सांगितलं. वाहक स्वतः ठणठणीत असतो, पण त्याच्यापाशी दोन चिठ्ठ्या असतात, एक चांगली, एक दुखण्याची. मूल दोघांकडून एकेक चिठ्ठी घेऊन येतं. दोन्ही दुखण्याच्या आल्या, तर ते लक्ष्मणसारखं. चारात एक वेळ तसं होऊ शकतं, आणि प्रत्येक बाळंतपणाला चिठ्ठ्या नव्याने उचलायच्या.

तिने ऐकून घेतलं. "मंग तुमच्या काचेत माजं पोर कसं निघंल ते दिसंल?"

"नाही. दिवस गेल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत मोठ्या दवाखान्यात तपासता येतं. आमच्या काचेत नाही."

"ह्ये हितं नको, तिकडं सांगा. समद्यांसमोर."

ओटीवर मी तेच पुन्हा सांगितलं. बबनची आई उठूनच उभी राहिली. "माजा पोरगा दगडासारखा हाय! त्याला रोग लावता?"

"मावशी, त्याला रोग नाही. सुमनलाही नाही."

"मंग झालं तर! रोग नाय तर कशाला घाबरवता?"

मग लक्ष्मण म्हणाला, "मामी, मागल्या आठवड्यात रातीला मी कसा वरडत होतो, इचारा सुमनला. आमच्या आयबापाला तरी ठाऊक नव्हतं. तुमाला आता ठाऊक झालं."

सुरेखाताईंनी तोडगा काढला. "कार्डाच्या मागं लिहून द्या, ताई, म्हंजे पुन्हा कोनी रेशनचं समजनार नाय." मी सुमनच्या कार्डामागे लिहिलं: 'हे रेशनचं कार्ड नाही. दोन पिवळ्या कार्डांनी लग्न करू नये.' तपासणीच्या शिबिरात तसंच सांगतात.

सुमनने ते अक्षरावर बोट ठेवून वाचलं. "'करू नये' खोडा."

"का गं?"

"ते तुमी नाय ठरवायचं. 'करण्याआधी दोघांना ठाऊक असावं' असं लिवा. आणि त्यांच्या कार्डावर पन तसंच लिवा. बबनला मी बोलते. तो नाय म्हनला तरी मला राग नाय."

मी खोडलं, दोन्हीकडे लिहिलं. बबनच्या आईने कार्ड परत घेतलं, पण रेशनकार्डाच्या पिशवीत नाही घातलं; हातातच धरून ती उतरणीला लागली. सुपारीची तारीख न ठरवताच पाव्हणे गेले. साडेअकरा झाले होते. नळीतलं रक्त माझी वाट पाहणार नव्हतं, म्हणून मीही निघाले. लोकांचं ठरत आलेलं कार्य मोडून आपण गाडी पकडायला धावतोय, याचं फार वाईट वाटत होतं.

आंबेनळी घाटात दरी उजवीकडे, मग डावीकडे. मी एकदाही धड पाहिली नाही. महाबळेश्वरला थंडी, वाईला चहा. संध्याकाळी साडेसहाला डबा प्रयोगशाळेच्या टेबलावर होता. "मासळी आणलीस?" असं दोघांनी विचारलं. सूक्ष्मदर्शकाखाली लक्ष्मणच्या पेशी त्याच्या म्हणण्याप्रमाणेच वागल्या: एक वाकली, आडवी बसली, मागे रांग लागली. प्राणवायू वाढवल्यावर काही सुटल्या. काही नाही सुटल्या. त्या नोंदी मी नीट लिहिल्या.

नवव्या दिवशी सुरेखाताईंचा फोन आला. बबन सुट्टी काढून वाडीवर गेला होता. एका रात्री लक्ष्मणला कळा आल्या, तेव्हा तो शेजारीच बसून होता. दुसऱ्या दिवशी सुमनला घेऊन तो आरोग्यकेंद्रात गेला आणि दोघांनी डॉक्टरांना तासभर प्रश्न विचारले. रविवारी सुपारी झाली. अट सुमनची: दिवस गेले की आधी दवाखाना, मग पेढे. बबनची आई आली, नारळ दिला, पण जेवली नाही.

"तुमाला काय वाटतं, ताई, बरोबर झालं?" सुरेखाताईंनी विचारलं.

इतकी वर्षं मी पेशींच्या वागण्याचे तक्ते भरते, त्यात प्रत्येक प्रश्नाला एक रकाना असतो. याला नव्हता. लक्ष्मणला रात्रभर ओरडताना पाहून बबन हो म्हणाला होता. लक्ष्मणच्या आईवडिलांना आधी कळण्याची तेवढीही संधी मिळाली नव्हती.

"डोळे उघडे ठेवून झालं," मी म्हणाले. "दिवस गेले की तिला तिसरा महिना उलटू देऊ नका. मला आधी कळवा. पुण्यातला दवाखाना, तिथली वेळ, राहायची सोय, सगळं मी बघते."